अवकाशयानाला तोफ बसवण्याआधी

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भातल्या कितीतरी गावांत माणसं अंगणात येऊन आभाळातून सरकत जाणारे जळते लोळ बघत होती. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात धातूचं एक भलंमोठं कडं येऊन पडलं. ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असा निष्कर्ष पुढे तज्ज्ञांनी काढला. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब.

त्या कड्यात स्फोटक नव्हतं. तरीही वातावरणात शिरण्याआधी त्याच्या अंगात जी ऊर्जा होती, ती तेवढ्याच वजनाच्या कुठल्याही साध्या, म्हणजे अण्वस्त्र नसलेल्या, बॉम्बपेक्षा जास्त होती. पृथ्वीच्या जवळच्या कक्षेत टिकून राहायचं तर सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर वेग लागतोच. हवेनं तो जवळजवळ सगळा वेग खाल्ला, म्हणून गावात नुसतं कडं पडलं. अवकाशात वेग खाणारी हवा नाही. अवकाशातल्या शस्त्रांचा विचार मी इथूनच सुरू करतो.

मी बुलडाणा जिल्ह्यातल्या एका खेड्यात विज्ञान शिकवतो. आमच्या नववीच्या मुलामुलींनी शाळेच्या हस्तलिखित अंकासाठी मिळून एक विज्ञानकथांचं जग रचायला घेतलं आहे. लघुग्रहांवर खाणी आहेत, मंगळावर वस्ती आहे, आणि मालवाहू यानांना सोबत करणारं ‘पूर्णा’ नावाचं एक छोटं संरक्षक यान आहे: वजन १०० टन, माणसं पाच. यानाचं नाव ठरलं आणि लगेच शस्त्रांची यादी सुरू झाली. किरण, तोफा, महाबॉम्ब, सगळं. मी त्यांना एकच अट घातली. शस्त्र काय उडवतं ते नंतर लिहा. ते आपल्याच यानाकडून काय काय मागतं, ते आधी लिहा. मराठीत विज्ञानकथा लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन, कारण कथा या मागण्यांतूनच निघते.

पहिला प्रश्न वर्गातूनच आला. “सर, तिथं तं हवाच नाई, मंग बंदूक कशी उडन?”

उडते. जुन्या काळ्या दारूत शोरा, गंधक आणि कोळसा असतो. जळायला लागणारा ऑक्सिजन शोरा स्वतःच पुरवतो. आजच्या काडतुसांतल्या दारूतही ऑक्सिजन तिच्या रेणूंतच बांधलेला असतो. आणि हा प्रयोग प्रत्यक्ष झालेला आहे. सोव्हिएत संघानं जून १९७४ मध्ये साल्यूत-३ हे स्थानक कक्षेत सोडलं. नाव नागरी, काम लष्करी. त्याच्यावर विमानात वापरायची २३ मिलिमीटरची स्वयंचलित तोफ होती. ती स्थानकाच्या अंगालाच पक्की बसवलेली होती, त्यामुळे नेम धरायचा तर अख्खं स्थानक वळवावं लागायचं. जानेवारी १९७५ मध्ये, आत कुणी नसताना, जमिनीवरून आदेश देऊन ती झाडली गेली. तोफेच्या धक्क्यानं स्थानक भलतीकडे जाऊ नये म्हणून सोबत इंजिनंही चालवावी लागली.

हा धक्का कथांमधून हमखास गायब असतो. गोळा पुढे गेला की यान मागे जाणारच. हिशेब सोपा आहे: ‘पूर्णा’नं १ किलोचा गोळा सेकंदाला १० किलोमीटर वेगानं सोडला, तर १०० टनांचं यान सेकंदाला १० सेंटीमीटर या वेगानं मागे सरकेल. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ५० गोळे झाडले की सेकंदाला ५ मीटर होतात, आणि तिथे जमीन नाही की ब्रेक नाही. कुठल्याशा तळाला जोडून घ्यायला निघालेलं यान तेवढ्यानं वाट चुकेल, आणि वाट दुरुस्त करायला इंधन जाळावं लागेल. तोफ यानाच्या मध्यरेषेवर नसेल तर प्रत्येक गोळीबारासरशी यान गरगरायला लागेल. लढाईनंतर घरी जायला इंधन पुरेल का, हा प्रश्न इथे आपोआप उभा राहतो. तो लेखकाला ओढूनताणून आणावा लागत नाही.

आता गोळ्याची ताकद. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गानं गुणायचं. हे सूत्र आठवी-नववीत सगळेच पाठ करतात. त्यातला वर्ग फार महत्त्वाचा. सेकंदाला ३ किलोमीटर वेग असलेल्या १ किलो दगडात १ किलो टीएनटी या स्फोटकापेक्षा थोडी जास्तच ऊर्जा असते. वेग १० किलोमीटर केला की तीच ऊर्जा १२ किलो टीएनटीइतकी होते. म्हणजे एवढ्या वेगाला पोचल्यावर गोळ्यात दारू भरण्यात अर्थ उरत नाही, भरीव धातू पुरतो. भारतानं २७ मार्च २०१९ रोजी ‘मिशन शक्ती’त आपलाच एक उपग्रह पाडला, तोही थेट धडकेनंच.

याचा पुरावा आमच्या जिल्ह्यातच आहे. लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे आणि ते कोरलं गेलंय कठीण बेसॉल्टमध्ये, आपल्या काळ्या पाषाणात. ते ज्वालामुखीचं असावं, असं कधीकाळी मानलं जाई. नंतर तिथे मॅस्केलिनाइट सापडलं. अतिवेगवान आघाताच्या दाबाखाली खडकातल्या खनिजाची काच होते, ती ही. दारूगोळ्याचा कण नाही, नुसतं वस्तुमान आणि वेग. मुलांना मी विवराच्या काठावर उभं करून समोरचा काठ दाखवतो. वर्गाचं सूत्र तिथे जितकं समजतं, तितकं फळ्यावर समजत नाही.

पण एवढा वेग द्यायचा कसा? दारूनं जमत नाही. तिच्या वायूच्या प्रसरणालाच मर्यादा आहे. म्हणून विज्ञानकथांत विद्युत तोफ येते: दोन समांतर रूळ, त्यांतून प्रचंड प्रवाह, आणि चुंबकीय बलानं पुढे फेकला जाणारा गोळा. ही तोफ कल्पनेतली नाही. अमेरिकी नौदलानं डिसेंबर २०१० मध्ये ३३ मेगाज्यूलचा बार उडवून दाखवला होता. पुढे २०२१ मध्ये तो प्रकल्प थांबवला गेला. रूळ फार लवकर झिजणं ही त्यातली एक मोठी अडचण होती.

आपल्या यानासाठी आकडे मांडू. १ किलो गोळ्याला सेकंदाला १० किलोमीटर वेग म्हणजे ५० मेगाज्यूल. वीजबिलाच्या भाषेत फक्त १४ युनिट. अडचण युनिटांची नाही, वेळेची आहे. तोफेची नळी १०० मीटर लांब धरली तरी गोळा तिच्यातून सेकंदाच्या पन्नासाव्या भागात बाहेर पडतो. तेवढ्याशा वेळात ५० मेगाज्यूल ओतायचे तर शक्ती लागते २,५०० मेगावॅट. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची सगळे संच मिळून क्षमता २,९२० मेगावॅट आहे. क्षणभरासाठी का होईना, जवळजवळ अख्खं चंद्रपूर त्या यानात बसवायचं! म्हणून वीज हळूहळू साठवून एका झटक्यात सोडणारे संधारित्र लागतात. ते भरायला वेळ लागतो, ते जड असतात आणि फुटूही शकतात. ‘पूर्णा’च्या तोफेची नळी शेवटी मुलांनी २० मीटरवर आणली आणि वेग ३ किलोमीटरवर. ऊर्जा ५० वरून साडेचार मेगाज्यूलवर आली. निर्णय मला आवडला. त्यांची तोफ कमजोर झाली, पण वाचणाऱ्याला ती खरी वाटायला लागली.

आता अंतर. अवकाशातलं अंतर आपल्या डोक्यात नीट बसतच नाही, आणि बहुतेक काल्पनिक लढाया इथेच फसतात. समजा शत्रूचं यान १,००० किलोमीटरवर आहे. ही तर नागपूर-मुंबई रस्त्यापेक्षा थोडीच जास्त वाट, अवकाशाच्या मानानं अगदी हाताशी. सेकंदाला १० किलोमीटर जाणाऱ्या गोळ्यालाही तिथे पोचायला १०० सेकंद लागतात. त्या वेळात शत्रूनं इंजिनाला अगदी हलका रेटा दिला, गुरुत्वत्वरणाच्या फक्त शंभराव्या भागाइतका, तरी तो अपेक्षित जागेपासून सुमारे ५०० मीटर सरकलेला असतो. ५० मीटरच्या यानाच्या दहा लांब्या! म्हणून सरळ जाणाऱ्या गोळ्याला लांबवर काही अर्थ नाही. त्याला वाटेत वळता यायला हवं, म्हणजे तो क्षेपणास्त्र झाला. किंवा एकाऐवजी हजारो बारीक छर्रे पसरून शत्रूच्या वाटा अडवायला हव्यात. नाहीतर पार जवळ जायला हवं. तिन्हींतून तीन वेगळ्या कथा होतात.

“मंग लेझरच बरा,” असं मुलं म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात. प्रकाश १,००० किलोमीटर सेकंदाच्या तीनशेव्या भागात कापतो. शत्रूला हलायला वेळच नाही.

पण लेझरचा झोत शेवटपर्यंत दोरीसारखा बारीक राहतो, हा समज काढून टाकायला हवा. रात्री शेतात जागलीला गेलेला माणूस रानडुकरं हुसकायला बॅटरी मारतो, तेव्हा धुऱ्याजवळ लख्ख पडणारा उजेड पलीकडच्या नाल्यापर्यंत जाईस्तोवर पसरून फिका होतो. लेझरही पसरतो, फक्त फार सावकाश. कितपत पसरेल हे आरशाचा व्यास आणि प्रकाशाची तरंगलांबी यांवर ठरतं, आणि ती मर्यादा निसर्गाची आहे, कुठल्याही कारागिराला ती ओलांडता येत नाही. १ मीटर व्यासाचा आरसा आणि १ मायक्रॉन तरंगलांबीचा अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश घेतला, तर १,००० किलोमीटरवर ठिपका जवळपास अडीच मीटरचा होतो. १०,००० किलोमीटरवर तो २४ मीटरचा. ठिपका दहापट रुंद म्हणजे क्षेत्रफळ शंभरपट, आणि तापवण्याची ताकद शंभराव्या हिश्श्यावर.

‘पूर्णा’चा लेझर १ मेगावॅटचा धरू. १,००० किलोमीटरवर त्या ठिपक्यात दर चौरस मीटरला सुमारे २१० किलोवॅट पडतात. पत्रा तापेल, आरसे-कॅमेरे जळतील, नाजूक भाग निकामी होतील. १०,००० किलोमीटरवर उरतात दोन किलोवॅटच्या थोडे वर. आपल्याकडे मे महिन्याच्या टळटळीत दुपारी दर चौरस मीटरला १ किलोवॅटच्या आसपास ऊन पडतं. म्हणजे तुमचं महाभयंकर शस्त्र दहा हजार किलोमीटरवर शत्रूला अकोल्याच्या उन्हाच्या दुप्पट चटका देतं. यानं कुठलंही यान फुटत नाही. मारा वाढवायचा तर आरसा मोठा हवा, आणि मोठा आरसा म्हणजे शत्रूला सोपं, ठिसूळ लक्ष्य.

याहून अवघड गोष्ट पुढेच आहे, आणि माझ्या मते अवकाशातल्या कुठल्याही शस्त्राची सगळ्यात रसाळ बाजू तीच: उष्णता.

लेझर घेतलेल्या विजेचा एक भागच प्रकाशात बदलतो. तिसरा हिस्सा प्रकाश झाला असं धरलं, तर १ मेगावॅटच्या झोतामागे २ मेगावॅट उष्णता यानातच राहते. जमिनीवर पंखा लावता येतो, पाणी फिरवता येतं, हवा उष्णता घेऊन जाते. निर्वातात उष्णता घालवायचा कायमचा मार्ग एकच, तो म्हणजे प्रारण. गरम पृष्ठभागातून ती अवरक्त किरणांच्या रूपानं हळूहळू निघून जाते. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाचे लांबलचक पांढरे उष्णता-पंख सुमारे ७० किलोवॅट बाहेर टाकू शकतात. आपल्याला त्याच्या जवळपास तीसपट हवी.

तापमान वाढवलं तर पंख लहान होतात, कारण प्रारण तापमानाच्या चौथ्या घातानं वाढतं. पंख ३२७ अंश सेल्सिअसवर ठेवले तर दोन्ही बाजू धरून १३५ चौरस मीटरच्या आसपास पंख लागतो. ७२७ अंशांवर ठेवले तर १८ चौरस मीटरमध्ये भागतं. पण तो पंख लालबुंद असेल. लेझरच्या यंत्राला स्वतःला थंड राहायचं असतं, त्याची उष्णता त्या लालबुंद पंखापर्यंत चढवायला वेगळा पंप आणि वेगळी ऊर्जा. आणि काळ्याकुट्ट, उणे २७० अंशांच्या आभाळाच्या पार्श्वभूमीवर तो पंख शत्रूच्या अवरक्त दुर्बिणीला लांबूनच दिसणार. अवकाशात लपून बसणं फार कठीण आहे ते यामुळेच. इंजिन बंद केलं तरी पाच माणसांना जगवणारं यान गरम राहतंच. लपायचं तर एखाद्या ग्रहाच्या किंवा लघुग्रहाच्या आड जा, नाहीतर आपल्यासारखे तापलेले खोटे फुगे सोडा.

दुसरा उपाय तात्पुरता आहे: उष्णता कशाततरी भरा आणि ते फेकून द्या. पाण्यासारखं त्यासाठी दुसरं काही नाही. २० अंशांचं १ किलो पाणी उकळून त्याची वाफ होईपर्यंत ते सुमारे २.६ मेगाज्यूल पोटात घेतं. मी मुलांना शाळेच्या छतावरची काळी टाकी दाखवली. हजार लिटर. उन्हाळ्यात ती किती दिवस पुरवावी लागते हे त्यांना सांगायची गरज नव्हती. इथल्या प्रत्येक घरात टँकरची वाट बघण्याचा अनुभव आहे. मग वहीत भागाकार केला. २ मेगावॅट उष्णता, हजार लिटर पाणी: लेझर सलग चालवला तर २१ ते २२ मिनिटांत टाकी कोरडी. आणि ‘पूर्णा’वर पाच माणसांच्या प्यायचं पाणी त्याच टाकीत आहे.

एक मुलगी म्हणाली, “म्हंजे सर, लढाई करायची तं तहानेनं मरा लागते.” इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं. त्या दिवसापासून त्यांच्या गोष्टीत शस्त्राधिकारी आणि पाण्याचा हिशेब ठेवणारी बाई यांचं भांडण सुरू झालं, आणि माझ्या लेखी ते सगळ्या अंकातलं सगळ्यात जिवंत प्रकरण आहे.

बॉम्बबद्दल थोडक्यात. हवा नसल्यामुळे स्फोटाचा तडाखा वाहून नेणारं काही नसतं. साधा बॉम्ब शेजारी फुटला तरी इजा होते ती उडणाऱ्या तुकड्यांनी. आवाज तर नाहीच. अण्वस्त्राची ऊर्जा तिथे मुख्यतः क्ष-किरणांतून बाहेर पडते. अमेरिकेनं ९ जुलै १९६२ रोजी ‘स्टारफिश प्राइम’ चाचणीत पॅसिफिक महासागरावर ४०० किलोमीटर उंचीवर असा स्फोट केला. सुमारे १,४०० किलोमीटर दूर हवाईत रस्त्यावरचे दिवे गेले आणि मागे राहिलेल्या प्रारणामुळे पुढच्या महिन्यांत कितीतरी उपग्रह निकामी झाले. म्हणजे असं शस्त्र आपला-परका बघत नाही. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानं अण्वस्त्रं कक्षेत ठेवायला मनाई केली आहे. साध्या शस्त्रांना तशी मनाई नाही, हेही लेखकानं ध्यानात ठेवावं. तुमच्या जगातले कायदेपंडित या फटीत शिरतीलच.

चिलखताचा विचार करताना जाड पोलाद विसरा, वजन परवडत नाही. अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी १९४७ मध्ये सुचवलेली युक्ती आजही अवकाशस्थानकावर आहे: मुख्य भिंतीच्या बाहेर थोडं अंतर सोडून एक पातळ पत्रा. अतिवेगानं आलेला कण त्या पत्र्यावर आपटूनच फुटतो, त्याचा विखुरलेला फवारा होतो आणि भिंतीवर पडेपर्यंत त्याचा जोर पसरलेला असतो. बारीक कणांना हे छान अडवतं. १ किलोच्या गोळ्याला नाही.

आणि जो गोळा चुकला, त्याचं काय? जमिनीवर तो कुठेतरी मातीत रुतून बसतो. कक्षेत तो फिरत राहतो. चीननं २००७ मध्ये आपला जुना हवामान उपग्रह सुमारे ८६५ किलोमीटर उंचीवर फोडला. माग ठेवता येईल असे ३,००० हून जास्त तुकडे झाले आणि त्यांतले कितीतरी अजून फिरताहेत. भारतानं आपली चाचणी ३०० किलोमीटरच्या आसपास केली ती याच कारणानं, तिथे विरळ हवा तुकड्यांना लवकर खाली ओढते. ज्या वस्तीसाठी लढायचं तिच्याच भोवती असे तुकडे पेरले, तर पुढची मालवाहू यानं तिथे उतरणार कशी? मुलांनी यावर त्यांच्या जगात एक नियम केलाय: वस्तीजवळ तोफ बंद, फक्त लेझर. म्हणजे पुन्हा पाणी.

शेवटची गोष्ट गोळीबाराच्या परवानगीची, आणि तीही भौतिकशास्त्रच ठरवतं. पृथ्वी आणि मंगळ यांच्यात संदेश जायला, दोघं कुठे आहेत त्यावर, ३ ते २२ मिनिटं लागतात. त्यांच्या गोष्टीत ‘पूर्णा’ मंगळाजवळ आहे आणि ग्रह एकमेकांपासून जवळजवळ सगळ्यात दूर. कप्तान पृथ्वीला विचारते, “गोळीबार करू का?” प्रश्न पोचायला २२ मिनिटं, उत्तर यायला २२ मिनिटं. तिनं उत्तराची वाट न बघता लेझर सुरू केला, तर प्रश्न पृथ्वीवर पोचतोय तोवर टाकी संपलेली असेल. थांबली, तर सोबतचं मालवाहू यान तितका वेळ तग धरणार नाही. मग निघण्याआधी तिच्या हातात कुठला लेखी आदेश दिलेला होता, तो कुणी लिहिला आणि त्यात ‘हल्ला’ कशाला म्हटलं आहे, यावर सध्या वर्गात दोन गट पडलेत. आदेशाचा मसुदा दोन्ही गट वेगवेगळा लिहिताहेत, आणि अंकात दोन्ही छापायचं ठरलं आहे.